गुरूचा वरचा पट्टा

३ फेब्रुवारी

आज यांनी मला दुर्बिणीला डोळा लावू दिला!

मी या घरात आले त्याच्या आधीपासून ती इथे आहे, आणि माझ्यापेक्षा मानानं आहे. गच्चीवर तिला स्वतःची खोली आहे. मला अजून नाही. इतक्या वर्षांत तिच्याजवळ गेले की एकच वाक्य — "लांब हो, तुझ्या श्वासानं काच धुरकटते." यांचा श्वास काय कोरडा होता? पण धुरकटायची ती माझ्यामुळेच.

आता गरज पडली. मागच्या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, डोळ्यामागचा पडदा झिजलाय. कडेकडेचं दिसेल, मधलं दिसणार नाही. चष्म्यानं नाही, ऑपरेशननं नाही, कशानंच नाही. हे टॅक्सीत एवढंच बोलले, "मंडळात कुणाला सांगायचं नाही." मंडळ म्हणजे यांच्याचसारखी हौशी माणसं. आपापल्या गच्चीवरून ग्रह बघायचे, चित्र काढायचं, चिटणिसाला पाठवायचं. चिटणीस वर्षाचा अहवाल छापतो. यांचं चित्र नाही असा अहवाल अजून निघालेला नाही.

तर आता मी दारात उभी राहिले की यांना चौकट दिसते, मी दिसत नाही. नवीन काय त्यात!

डोळा लावला तर आधी माझ्याच पापण्या. "पापण्या दिसतायत," म्हटलं. "डोळा पुढे घे. श्वास रोख." श्वास रोखला, तर भुवईवरून घामाचा थेंब सरळ काचेवर. यांना दिसला नाही, ते बरं झालं. मी पदरानं टिपला, तेही दिसलं नाही — ते त्याहून बरं.

मग तो आला. गुरू. पिवळट पांढरा, आडवा जरासा फुगलेला. बाजूला त्याचे चंद्र — तीन ठिपके, एका ओळीत.

"काय दिसतंय?"

"शर्टाचं बटण."

"उपमा नकोत. वर्णन सांग."

जन्मभर ऐकलं, तू फार बोलतेस. आता म्हणे वर्णन सांग!

४ फेब्रुवारी

कंबर धरली. ग्रह आकाशात, कळ माझ्या पाठीत.

६ फेब्रुवारी

हे सगळं मी फोनशी बोलते. नात हॉस्टेलला जाताना सोय करून गेली — बटण दाबायचं, बोलायचं, तो लिहून घेतो. तारीखही आपली आपणच टाकतो. "आजी, मनातलं बोल. कुणी वाचणार नाही." मीसुद्धा नाही! अक्षर कधी डोळ्याला ओळखीचं झालं नाही. एक फायदा आहे, मागे जाऊन खोडाखोड करता येत नाही. बोलले ते बोलले.

कपडे वाळत घालताना बोलते. सुनेला वाटतं, मी तिच्या नावानं पुटपुटतेय. वाटू दे. कामं चटाचट होतात.

८ फेब्रुवारी

भांडण झालं.

हे नळखात्यात ड्राफ्ट्समन होते, हात अजून पक्का आहे. पुठ्ठ्याला गोल भोक पाडून ठेवलंय. त्याच्या कडेनं पेन्सिल फिरवली की ग्रह तयार. मग कागद नाकाच्या एका बाजूला धरून, कडेच्या नजरेनं, आतलं भरायचं. आतलं मी सांगायचं. असं ठरलं होतं.

"पट्टे सांग."

"एक आहे. खालच्या बाजूला. तपकिरी, चांगला जाड."

"आणि वरचा?"

"वर काही नाही."

"नीट बघ."

नीट बघितलं. नळी सतत हळूहळू ढकलत राहावी लागते, नाहीतर हा गुरू काचेतून पळून जातो. ढकलत ढकलत, श्वास कोंडून, मान मोडेस्तोवर बघितलं. वर काहीसुद्धा नाही. घासून पुसून ठेवल्यासारखं स्वच्छ.

"एकच आहे हो."

"दोन असतात. वरचा कधीमधी फिका पडतो, मी स्वतः पाहिलाय तसा. पण तेव्हा मला दिसलं होतं."

म्हणजे यांनी पाहिला असता तर पट्टा गेला असता. मी पाहिला म्हणून तो गेला नाही!

"तुझ्या डोळ्यात दोष आहे," म्हणाले. हे कोण म्हणतंय बघा.

दोन पट्टे काढले. सुनेला बोलावलं, तिनं फोटो काढून पाठवून दिला. मी खाली आले आणि उगाचच मोठ्यानं भांडी घासली.

९ फेब्रुवारी

आज बोलले नाही. यांना कळलंच नाही.

१३ फेब्रुवारी

सकाळभर मणी भाजले.

आमच्या इथली हवा म्हणजे ओलं फडकं तोंडावर टाकल्यासारखी. मीठ पाझरतं. कागद लोळतो. कपाटातल्या चपलांना लव फुटते. मग काचा कशा सुटतील? महिनाभर दुर्लक्ष केलं की बुरशीची जाळी, कोळ्यानं विणल्यासारखी. म्हणून काचांच्या डब्यात ओल शोषणाऱ्या निळ्या मण्यांच्या पुरचुंड्या ठेवायच्या. ओल पिऊन मणी गुलाबी झाले की तव्यावर परतून पुन्हा निळे करायचे. हे काम माझं. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून. त्यासाठी वेगळा तवा आहे, त्याला घरात दुसरं कुणी हात लावत नाही.

आणि काचांच्या कपाटात कायम एक दिवा जळता ठेवायचा, ऊब म्हणून. मुलगा तान्हा होता, सर्दीनं श्वास फुरफुरत होता, तेव्हा मी तो दिवा मागितला. "काचा सर्दावतील," म्हणाले. मीच मुलाला पोटाशी घेऊन बसले. काचा कोरड्या राहिल्या.

मग गच्ची. दिवसभर तापते आणि संध्याकाळी वाफा सोडते. त्या वाफांतून ग्रह उकळत्या पाण्याच्या तळाशी पडल्यासारखा हलतो. म्हणून उन्हं उतरली की गच्चीवर पाणी मारायचं. ते कुणी? विचारायलाच नको.

अहवालात शेवटच्या पानावर आभार असतात. नातीला एकदा वाचायला लावले होते. माझं नाव नाही. ज्यानं दुर्बिणीचं स्टँड जोडून दिलं त्या वेल्डरचं आहे. चांगला माणूस होता, एकदाच आला होता.

१७ फेब्रुवारी

आजची संध्याकाळ! पानसुद्धा हलत नव्हतं. ब्लाउज पाठीला चिकटलेला, श्वास घ्यायचा म्हणजे पाणी प्यायल्यासारखं. सून म्हणाली, "आई, आज वर जाऊ नका, चक्कर येईल." पण हे केव्हापासून सांगतात, माणसाचा जीव घुसमटतो ती संध्याकाळ ग्रहाची. वारा सुटला, जीवाला बरं वाटलं, की वर सगळं थरथरतं. हवा मेल्यासारखी पडली की गुरू कागदावर छापल्यासारखा स्थिर.

खरंच होता. काय बघितलं मी आज! खालच्या पट्ट्याची कड फाटक्या किनारीसारखी, सुतं लोंबतात तशी. खाली टोकाशी राखाडी सावट. आणि मधोमध एक काळा ठिपका — इतका बारीक, इतका काळा, सुईनं भोक पाडून पलीकडचा अंधार दिसावा असा.

"काळा ठिपका आहे," म्हटलं. माझा आवाज चढला होता.

"सुनेनं चंद्रांच्या वेळांचा तक्ता वाचला त्यात आहे तो. चंद्राची सावली. बरोबर."

बरोबर म्हणाले! पण तक्त्यात होतं म्हणून बरोबर. मी पाहिलं म्हणून नव्हे.

"आणि वर पट्टा नाही," मी म्हटलं. "आज तर अजिबातच नाही."

"दव धरलं असेल काचेवर."

ठिपका दिसला तेव्हा दव नव्हतं. पट्ट्याच्या वेळी लगेच पडलं. शहाणं दव आहे.

२० फेब्रुवारी

आज पुन्हा दोन काढले.

"मग मला विचारता कशाला?" म्हटलं.

"तपासून घ्यायला."

२२ फेब्रुवारी

कंटाळले. वर गेलो, डोळा लावला. हे म्हणाले, "दोन ना?"

"हो. दोन."

"वरचा कसा आहे?"

"छान आहे. जाड आहे. हवं तर तिसरा घ्या."

तिसऱ्याकडे लक्षच दिलं नाही. "बघ, जरा सवय झाली की दिसतं," म्हणाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा खूश झाले. चित्र काढताना शीळ घालत होते! सुनेला म्हणाले, "लगेच पाठव."

मीही हसले. माझ्या हसण्याची चव मलाच कळत होती.

१ मार्च

चिटणीस आले होते.

मुलाच्या वयाचे आहेत. येताना फळं घेऊन आले, तेव्हाच मला कळायला हवं होतं. माणूस कारण नसताना फळं आणत नाही. बसले, पंख्याखाली घाम पुसला, तब्येतीचं विचारलं. मग म्हणाले, "काका, राग मानू नका. एक विचारतो."

"विचारा ना."

"वरचा पट्टा नोव्हेंबरपासून गेलाय. सगळ्यांच्या चित्रांत गेलाय. मंडळात दुसरं बोलणंच नाही. तुम्ही बैठकांना येत नाही, तुमच्या कानावर आलं नसेल. पण काका, नोव्हेंबरपासून तुमच्या प्रत्येक चित्रात दोन्ही पट्टे आहेत. ठसठशीत. गेल्या आठवड्यातलं तर सगळ्यांत ठसठशीत."

मी चहाचा ट्रे घेऊन मधल्या दारात.

"तुम्ही आठवणीतून काढता का?" इतक्या हळू विचारलं त्यांनी, जसं आजाऱ्याला विचारतात.

हे सरळ बसले. म्हणाले, "चष्म्याचा नंबर बदललाय."

मला वाटलं, आता म्हणतील — हिला विचारून काढतो, हिनं सांगितलं दोन. म्हणाले नाहीत. मी म्हणू शकले असते, यांना दिसत नाही हो, मी पहिल्या दिवसापासून एकच म्हणत होते. मीही म्हटलं नाही. चहा दिला. साखर किती विचारलं.

चिटणीस उठताना म्हणाले, "यंदाच्या अहवालात तुमची चित्रं नाही घेत, काका. पुढे बघू. तुम्ही विश्रांती घ्या." आणि चपला घालताना माझ्याकडे बघून, "काकू, काळजी घ्या यांची." घेते की. मणीसुद्धा भाजते.

ते गेल्यावर हे फळांच्या पिशवीकडे तोंड करून. मग —

"शेवटच्या वेळी तू दोन म्हणालीस."

"म्हणाले."

"होते?"

"नव्हते."

"मग का म्हणालीस?"

"तुम्हाला हवे होते."

हे उठले, भिंतीला हात लावत आत गेले.

२ मार्च

अंथरुणात एक गोष्ट डोक्यात आली आणि झोप उडाली ती उडालीच. मला वर बोलावलं फेब्रुवारीत. पट्टा गेला नोव्हेंबरात. तेव्हा तर हे एकटेच वर जात होते! रोज, तास तास. खाली येऊन म्हणायचे, "आज छान दिसला."

काय दिसत होतं यांना? कुठल्या वर्षीचा गुरू बघत होते?

आणि मी खाली बसून म्हणायचे, मजा आहे एका माणसाची.

१० मार्च

दुर्बिणीवर चादर. हे खाली. रेडिओ. विचारलं तर "बरं आहे." न विचारलं तरी "बरं आहे."

सून म्हणाली, "आई, बाबांना काहीतरी विरंगुळा हवा." म्हटलं, मी आहे ना. ती हसली. मी विनोद केला नव्हता.

१८ मार्च

कुणाला सांगायचं नाही म्हणून फोनला सांगते. मी वर जाते.

कपडे काढायला म्हणून जाते. दिवेलागणीला, उजेड पुरता जायच्या आत. चादर काढते, नळीवरून बंदुकीसारखी नजर धरते, आता लगेच सापडतो. गच्चीवर पाणी मारते — यावेळी माझ्यासाठी! पाणी मारताना पहिल्यांदा हात दुखले नाहीत.

एक पट्टा. अजूनही एकच. आता त्याच्या मधे एक फिकट गाठ आली आहे, लोकर गुंतल्यासारखी. रोज वेगळ्याच जागी असते, एखाद्या दिवशी दिसतच नाही. चंद्र कधी डावीकडे तिघं उजवीकडे एक, कधी सगळे एकाच बाजूला, भावकीत भांडण झाल्यासारखे. उपमा देते मी, हो. कुणी अडवायला नाही.

बघून झालं की कपडे घेऊन खाली यायचं. जिन्यात वाटतं, एवढं बघितलं आणि सांगायचं कुणाला? ज्याला त्यातलं कळतं तो रेडिओसमोर बसलाय. आणि त्याच्यावरच तर राग आहे.

२ एप्रिल

गुरू खाली खाली चाललाय. अंधार पडतो तेव्हा समोरच्या इमारतीच्या टाकीपर्यंत आलेला असतो. थोड्या दिवसांनी सूर्याच्या उजेडात बुडेल. मग काही महिने नाही.

५ एप्रिल

पकडली गेले!

जेवताना हे एकदम म्हणाले, "झाकण उलटं लावतेस."

"कसलं?"

"नळीचं. खाच बाहेरच्या बाजूला येते. मी आज वर जाऊन हात फिरवला."

सून ताटात बघत बसली. तिला मजा वाटत होती, कपाळावर लिहिलेलं होतं — आणि हे मी, न शिकलेली, वाचू शकत होते.

"कपडे काढायला जाते मी."

"रोज? काल तर मशीन लागलंच नव्हतं."

मी भात वाढला.

"गाठ दिसते का?" हे म्हणाले. "पट्ट्यात. चिटणीस आले होते तेव्हा त्यांच्या फोनवर कुणीतरी बोलत होतं. फिकट गाठ आलीय म्हणे."

आता सांगावं तर मीच सांगायला धावले असं होणार. म्हटलं, "तुम्हाला काय करायचंय? माझ्या डोळ्यात दोष आहे."

हे भात कालवत म्हणाले, "हंगाम अर्धा सोडायचा नाही. आजवर सोडला नाही. पाठवायचं कुणाला नाही, पण शेवटचं एक चित्र व्हायला हवं."

"मग काढा ना. तुम्हाला सगळं पाठ आहे."

हे मी बोलायला नको होतं. पण खोडाखोड करता येत नाही, फोनमध्येही नाही आणि ताटावरही नाही.

हात धुऊन येताना खुर्चीला अडखळले. मी सावरायला गेले तर हात झटकला नाही.

८ एप्रिल

"उद्या जाऊ वर," म्हणाले. विनंती नव्हती. पण हुकूमही नव्हता. असा आवाज मी ऐकलेला नाही यांचा.

९ एप्रिल

ढग.

११ एप्रिल

ढग. धड पडत नाही, धड उघडत नाही. सगळं आभाळ भांडी विसळलेल्या पाण्यासारखं. हे दिवेलागणीला शर्ट बदलून बसतात, पुठ्ठा मांडीवर, पेन्सिलींना टोक करून. मी वर जाऊन बघून येते, मान हलवते. मग आठवतं, मान हलवलेली यांना दिसत नाही. "नाही," म्हणते. शर्ट उतरवतात. रोज उतरवतात आणि रोज घडी घालतात.

१४ एप्रिल

आज कडेनं जरा फाटलं होतं. धावत खाली आले — या वयात! — यांना हाताला धरून वर नेलं, डोळा लावेपर्यंत पुन्हा मिटलं. यांनी विचारलं, "किती दिसला?" म्हटलं, नाहीच. "बरं," म्हणाले. जिना उतरताना माझ्या खांद्यावर हात होता. जड.

किती दिवस उरले, विचारलं. म्हणाले, "आठवडा. फार तर. मग तो उजेडात जातो." आणि मग, माझ्याकडे न बघता — तसं बघून तरी काय — "पुढच्या हंगामापर्यंत माझं कडेचंही राहील का, माहीत नाही."

मी राग शोधत होते. इथेच ठेवला होता कुठेतरी.

१९ एप्रिल

ढग. शर्ट घातला, उतरवला.

२१ एप्रिल

आज आभाळ कालच्यापेक्षा दाट. गुरू सोडा, समोरची टाकी दिसेना. मी वरून खाली आले, हे शर्टाची वरची गुंडी लावत होते. तोंड माझ्याकडे. "आहे?" म्हणाले.

"आहे," म्हटलं. "चला लवकर."

हे स्टुलाशेजारी पुठ्ठा घेऊन बसले. मी नुसत्या राखाडीला डोळा लावला, नळी ढकलत राहिले, आणि सगळं सांगितलं. एक पट्टा. वर काही नाही. मधे गाठ, डाव्या कडेला सरकलेली. दोन चंद्र इकडे, एक तिकडे, चौथा मागे. यांनी एकदाही अडवलं नाही. सांगितलं तसं काढलं, शेवटच्या ठिपक्यापर्यंत. मग पेन्सिल खिशात ठेवत म्हणाले —

"आता कुठे तुला बघता यायला लागलं."